‘बाहेरून’ केलेली डिग्री आणि तपासलेला पेपर

गेल्या महिन्यात ठाण्याला मोठ्या बहिणीकडे जेवायला गेलो होतो, निमित्त काही नाही, रविवार आणि कोलंबीचं कालवण एवढंच. पानं घ्यायच्या आधीच वाद पेटलेला. भाची बी.कॉम. करून तीन वर्षं ऐरोलीला एका बँकेच्या बॅक ऑफिसात काम करतेय, तिला नोकरी न सोडता डेटा ॲनालिटिक्समधलं, म्हणजे आकड्यांच्या ढिगातून अर्थ काढायच्या विद्येतलं, ऑनलाइन मास्टर्स करायचंय. भावोजींचं म्हणणं, "म्हणजे बाहेरूनच ना? बाहेरून एमएससी केलेल्याला विचारतंय कोण?" तिचा चुलतभाऊ इंजिनियर, तो भात कालवता कालवता म्हणाला, "अगं सगळं यूट्यूबवर फुकट आहे, कशाला दोन लाख घालवतेस, आणि दोन वर्षांनी हे सगळं एआयच करणारे." भाचीच्या बाजूने बोलणारा एकच, तो म्हणजे दिवसातून तीनदा फोन करणारा कुठल्यातरी कंपनीचा काउन्सेलर, त्याच्या मते सीट फक्त चार उरल्यात आणि आज संध्याकाळपर्यंत पैसे भरले तर वीस हजार सूट. हाच वाद मी ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर ऐकलाय, गाडीत ऐकलाय, आणि प्रत्येक वेळी असंच होतं. एक जण इज्जतीबद्दल बोलतो, दुसरा फुकट व्हिडिओबद्दल, तिसरा पॅकेजबद्दल, आणि पेपर कोण तपासतं हे कुणीच विचारत नाही.

मी काही तटस्थ माणूस नाही हे आधीच सांगतो. हेल्थ इन्शुरन्सच्या क्लेम विभागात काम करतो, डोंबिवली ते लोअर परळ रोजचं, आणि चाळिशीच्या तोंडावर अशीच एक ऑनलाइन एमएससी केली, दोन वर्षांच्या कोर्सला तीन वर्षं लागली. तर माझं मत असं, की डिग्री वर्गात बसून केली की घरी बसून, यावर तिची किंमत ठरत नाही. ती ठरते तपासणीवर. तुम्ही केलेलं काम कुणीतरी जाणकार माणूस ओळ न् ओळ वाचतो का, चुकलं तर चुकलं म्हणतो का, आणि नापास करायची हिंमत त्या संस्थेत आहे का. बाकी ॲप, लाइव्ह लेक्चर, रेकॉर्डिंग हे सगळं ठीक आहे, ते साबणाचं वेष्टन.

भावोजींना मी विचारलं, तुमचा भाऊ सीए आहे ना, तो कुठल्या कॅम्पसला होता? ते हसले. सीएला कॅम्पसच नाही. १९४९ पासून इन्स्टिट्यूट आहे, पोरं घरी नाहीतर क्लासला जाऊन अभ्यास करतात, दिवसा कुणाच्या तरी ऑफिसात आर्टिकलशिप करतात आणि परीक्षा देतात. शिकवणं कुणाचंही असो, तपासणं इन्स्टिट्यूटचं. आमच्याकडे ॲक्च्युअरी बसतात, विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणारे, त्यांचंही तेच, पेपर एकेक करत वर्षानुवर्षं सुटतात, आणि त्यांच्यासमोर आमचे मोठे साहेबसुद्धा जरा जपून बोलतात. सीएला कुणी म्हणतं का की याने बाहेरून केलंय? नाही म्हणत, कारण त्या परीक्षेत बहुतेक लोक आपटतात हे घराघरात माहीत आहे. मग डिग्रीचं नाव आलं की लगेच बाकड्याची चौकशी का सुरू होते?

आणि आपल्या मुंबई युनिव्हर्सिटीचंच घ्या. १८५७ साली ती सुरू झाली तेव्हा लंडन युनिव्हर्सिटीच्या धर्तीवर सुरू झाली, म्हणजे ती शिकवायची नाही, परीक्षा घ्यायची. शिकवायची ती एल्फिन्स्टनसारखी कॉलेजं. १८६२ साली बीए झालेल्या पहिल्या तुकडीतले रानडे आणि भांडारकर, त्यांच्या नावापुढचं बीए ज्या युनिव्हर्सिटीने दिलं तिच्याकडे स्वतःचा एकही वर्ग नव्हता. स्वतःचे पदव्युत्तर विभाग निघाले ते १९१९ च्या सुमाराला, समाजशास्त्राला पॅट्रिक गेडिस आले तेव्हा. साठेक वर्षं ही युनिव्हर्सिटी निव्वळ तपासणारी होती. लंडनवाले तर आणखी पुढे गेले, १८५८ पासून त्यांनी कॉलेजात न जाताही परीक्षेला बसायची मुभा दिली. आता कुणी म्हणेल की रानडे-भांडारकर काही घरी बसून शिकले नाहीत, त्यांना समोर शिक्षक होते, लायब्ररी होती, बरोबरीची हुशार पोरं होती. खरंय, आणि हा मुद्दा मी उडवून लावणार नाही, त्याच्याकडे येतो. पण शिकवणारा एक आणि तपासणारा वेगळा, ही रचना परकी नाही, आपल्या शहरातली पहिली युनिव्हर्सिटीच तशी होती, एवढं तरी मान्य करा. काम सांभाळून शिकणंही इथे नवं नाही. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले, नोकरी करणाऱ्या मुलांना शिकून कामावर जाता यावं म्हणून. त्या मुलांना कुणी अर्धवेळ ग्रॅज्युएट म्हटलं नाही.

मग ‘बाहेरून’ या शब्दाला वास का येतो? भावोजींचं काहीच चूक नाही असं नाही. माझ्या एका आत्याने ऐंशीच्या दशकात करस्पॉन्डन्सने बीए केलं, पोस्टाने नोट्स यायच्या, सायक्लोस्टाइल केलेल्या, अर्ध्या पुसट, आणि स्वाध्याय पाठवले की त्यावर फक्त एक टिकमार्क आणि सही येऊन परत. एकदा तिने दोन पानं चुकून उलटसुलट लावली होती, मध्येच वाक्य तुटलेलं, तरी दहापैकी आठ. आत्या हुशार होती, पुढे एलआयसीत चढत गेली, पण त्या बीएबद्दल ती स्वतःच हसून सांगायची की माझा पेपर पोस्टमननेच वाचला असेल तर. हा डाग अंतराचा नाही हो, न वाचण्याचा आहे. आणि न वाचण्याचा रोग कॅम्पसवर नाही का? टर्मवर्कचे पंचवीसपैकी तेवीस सरसकट कुणाकुणाला मिळालेत, हात वर करा.

कागदावर तर हा वाद मिटलेलाच आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, स्पष्ट केलं की मान्यता असलेल्या संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची डिग्री नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची धरायची. पण कागदाने बरोबरी झाली म्हणून मुलाखत घेणाऱ्याच्या डोक्यात होत नाही, हेही खरं. मी स्वतः मुलाखती घेतो म्हणून सांगतो.

आता चुलतभावाचा मुद्दा, तो जास्त वजनदार आहे. यूट्यूबवर सगळं आहे. खरंच आहे. एनपीटीईएल २००३ पासून चालू आहे, आयआयटीच्या प्राध्यापकांची रिग्रेशनवरची, प्रॉबेबिलिटीवरची लेक्चरं घरबसल्या, एक पैसा न देता. पायथन, एसक्यूएल, पॉवर बीआय या डेटाच्या टूलांचे तर इतके व्हिडिओ की एक जन्म पुरणार नाही. मग मी पैसे का भरले? कारण मी आधी तेच करून बघितलं होतं. दीड वर्षं गाडीत कानात इअरफोन घालून शिकलो, आणि ऑफिसात ‘डेटावाला’ म्हणून मिरवायलाही लागलो. मग एकदा काय झालं, एका जुन्या सिस्टिममधून क्लेमची फाइल आली, सीएसव्ही, मी ती सवयीप्रमाणे एक्सेलमध्ये उघडली, सेव्ह केली आणि पॉलिसीच्या मुख्य टेबलाशी जोडली. हजारो क्लेम असे निघाले ज्यांची पॉलिसीच सापडेना. मी रंगीत चार्ट केला, वर लाल अक्षरात ‘संशयास्पद’, आणि मीटिंगमध्ये लावला. साहेबांचा चेहरा पांढरा. आमच्या विभागात एक मॅडम आहेत, बावीस वर्षं तिथेच, कॉम्प्युटरचा कुठलाही कोर्स नाही, त्यांनी चष्मा वर करून स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो या सगळ्या जुन्या ब्रँचच्या पॉलिसी आहेत, यांचे नंबर शून्याने सुरू होतात. शून्य कुठे गेलं?" शून्य एक्सेलने खाल्लं होतं. नंबर आकडा समजून पुढची शून्यं गाळून टाकली होती, आणि मी ते बघितलंच नव्हतं.

हे कुठल्याही व्हिडिओत नव्हतं असं नाही, असेल. पण व्हिडिओ तुमची फाइल उघडून बघत नाही. दीड वर्षात माझी एकही चूक कुणी पकडली नव्हती, म्हणून मला वाटायचं मी चुकतच नाही. फुकट शिकण्यातली खरी किंमत ही आहे. गंमत बघा, एनपीटीईएलवालेही हे ओळखून आहेत: लेक्चर बघायला फुकट, पण सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची आणि सर्टिफिकेट हवं तर फी. शिकवणं फुकट, तपासणं विकत. मोठ्या परदेशी कोर्सेसचंही असंच आहे. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या एमआयटी आणि हार्वर्डच्या कोर्सेसचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला, त्यात २०१७-१८ ला सगळ्या नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पुरा करणारे सुमारे ३ टक्के होते, आणि पैसे भरून सर्टिफिकेटसाठी बसलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्के. आता पैसे भरणारा मुळातच जास्त जिद्दीचा असतो हे कबूल, सगळं श्रेय फीला देऊ नका. पण निम्म्याहून जास्त तरीही गळालेच, हेही भाचीला मी सांगितलं. आठवड्याला बारा तास निघाले पाहिजेत, आणि ते शनिवार-रविवारच्या झोपेतूनच निघतात, गाडीत निघत नाहीत. गाडीत फार तर लेक्चर ऐकून होतं, आणि तेही कल्याणहून सुटणारी मिळाली तर.

आणि एआय? एआय आल्यामुळे तर तपासणीचा मुद्दा जास्त घट्ट झाला. आज चॅटजीपीटीला सांगा या दोन फाइली जोड, तो कोड दोन सेकंदांत लिहून देतो, तो चालतोही. शून्य गेलेलं असेल तर तो गेलेल्या शून्यासकट जोडून देईल आणि खाली छान सारांशही लिहील. ‘शून्य कुठे गेलं’ असं विचारणारं माणूस बाजूला लागतं. मुद्दा इतकाच की कोड लिहिणं स्वस्त झालं आणि शंका घेणं महाग झालं, मग ज्या मास्टर्समध्ये फक्त टूल शिकवतात त्याला पैसे देऊ नका, हे चुलतभावाचं मला शंभर टक्के पटतं.

म्हणून कोर्स निवडताना मी भाचीला आधी विषयांची यादी काढायला लावली. पहिल्या सेमिस्टरला प्रॉबेबिलिटी आणि स्टॅटिस्टिक्स आहे का? नसेल, आणि सरळ टूलांची नावं सुरू होत असतील, तर तो क्लास आहे, त्याच्यावर मास्टर्सची पाटी लावलीय एवढंच. टूल पाच वर्षांत बदलतं. लीस्ट स्क्वेअर्सची, म्हणजे विखुरलेल्या आकड्यांतून सगळ्यात जवळची रेषा काढायची, पद्धत लजांद्रने १८०५ मध्ये छापली, ती अजून रोज वापरतो. आणि आकडे समोर असताना डोकं कुठे लावायचं हे शिकवतात का, ते बघायचं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच दोन माणसांचं आहे. १९७१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याचा अंदाज मांडला, माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ही रेषा धरून, आणि ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के लोक त्या रेषेखाली निघाले. पुढे पां. वा. सुखात्मे उभे राहिले, स्वतः सॅम्पलिंगचे, म्हणजे नमुना निवडून पाहणी करण्याचे, मोठे जाणकार, जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचं काम केलेले. ते म्हणाले, एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक कमीजास्त होते, शरीर जुळवून घेतं, मग सरासरीच्या खाली दिसला तो प्रत्येक जण कुपोषित कसा धरता? दांडेकर काही गप्प बसले नाहीत, वर्षानुवर्षं हा वाद चालला. सर्व्हे तेच, गणित दोघांनाही येत होतं, भांडण होतं ते रेषा कुठे ओढायची आणि का, याचं. असलं भांडण ज्या कोर्समध्ये एकदाही होत नाही त्यात तुम्ही ॲनालिटिक्स शिकत नाही, बटणं शिकता.

आता विरोधातला सगळ्यात अवघड मुद्दा, आणि तो जेवणाच्या टेबलावर कुणी काढलाच नाही, मलाच काढावा लागला. ऑनलाइन परीक्षेत कॉपी होते. होते. मी बघितलीय, एका ग्रुपवर क्विझची उत्तरं परीक्षा सुरू झाल्यावर वीस मिनिटांत आली होती. त्यावर उपाय म्हणून कॅमेऱ्यावर पाळत ठेवतात, तिची गंमत सांगतो. माझी पहिली अशी परीक्षा, वन बीएचके, बायको पोराला घेऊन माहेरी पाठवलेली. लॅपटॉप उचलून खोली दाखवा म्हणाले, दाखवली. टेबलाखाली दाखवा, दाखवलं. आरसा झाका, त्यावर टॉवेल टाकला. आणि चाळीसाव्या मिनिटाला आईने दार ढकलून विचारलं, "चहा ठेवू का रे?" स्क्रीनवर लाल पट्टी, ‘दुसऱ्या व्यक्तीचा आवाज’. नंतर दोन मेल लिहून खुलासा द्यावा लागला की ती व्यक्ती आई असून तिला प्रॉबेबिलिटीतलं बेझ थिअरम येत नाही. हे असं पोलीसगिरी करून तपासणी होत नसते. त्याच संस्थेत शेवटच्या प्रोजेक्टला एका प्राध्यापकांनी वीस मिनिटं व्हिडिओवर तोंडी घेतली, त्यात पहिलाच प्रश्न, "या चारशे ओळी तुम्ही काढून का टाकल्या?" मी म्हटलं, व्हॅल्यू मिसिंग होत्या. "कुणाच्या मिसिंग होत्या ते बघितलं का?" नव्हतं बघितलं. बहुतेक साठीच्या वरच्या बायका निघाल्या. माझा सगळा निष्कर्षच वाकडा झाला आणि ते प्रोजेक्ट मला पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं, तिसरं वर्ष लागलं ते त्याच्यामुळे. तेव्हा शिव्या घातल्या. तिथे कॉपी करून काय उपयोग होता, सांगा? ज्याने काम केलं नाही त्याला पहिल्या दोन मिनिटांत घाम फुटतो. त्यामुळे कॉपीचा मुद्दा ऑनलाइनच्या विरोधातला नाही, वस्तुनिष्ठ क्विझवर डिग्री देणाऱ्यांच्या विरोधातला आहे, आणि असे वर्गात बसवणारेही पुष्कळ आहेत.

कॅम्पसच्या बाजूने दोन गोष्टी मात्र मी निमूट मान्य करतो. एक, जो आत्ता ग्रॅज्युएट झालाय, नोकरी नाही, हातात कुठलाही डेटा नाही, त्याने जमत असेल तर ऑनलाइनच्या नादी लागू नये. त्याला प्लेसमेंट लागतं, ओळखी लागतात, कँटीनमध्ये आपल्यापेक्षा हुशार पोरगं भेटायला लागतं. दुसरं, एकटेपणा. रात्री अकराला एरर येते आणि विचारायला कुणी नसतं, त्या वेळी होस्टेलची किंमत कळते. पण भाचीसारखीला पर्याय कॅम्पस हा नाहीच आहे, पर्याय आहे काहीच न करणं. अमेरिकेत जॉर्जिया टेकने २०१४ मध्ये कॉम्प्युटर सायन्सचं ऑनलाइन मास्टर्स काढलं तेव्हा अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न तपासला. तिथे येणाऱ्यांचं वय सरासरी ३४ च्या आसपास, कॅम्पसवाल्यांचं २४, आणि ज्यांचा प्रवेश थोडक्यात हुकला त्यातले फारच थोडे दुसरीकडे शिकायला गेले. म्हणजे ऑनलाइनने कॅम्पसची मुलं पळवली नाहीत, जी मुळात शिकणारच नव्हती ती आणली. त्याच जॉर्जिया टेकने २०१७ ला ॲनालिटिक्सचं काढलं, ३६ क्रेडिट, तेव्हा दहा हजार डॉलरच्या आत, शेवटी प्रॅक्टिकम म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रोजेक्ट, आणि डिग्रीवर ‘ऑनलाइन’ हा शब्द छापत नाहीत. का छापतील, परीक्षा तीच आहे.

राहिला काउन्सेलर. त्याच्याबद्दल फार लिहीत नाही, बिचाऱ्याला टार्गेट असतं. एवढंच की यूजीसीच्या २०२० च्या नियमांत फ्रँचायझीला, म्हणजे कोर्स बाहेरच्या कंपनीकडे चालवायला द्यायला, मनाई आहे, शिकवणं आणि डिग्री ही युनिव्हर्सिटीचीच जबाबदारी, आणि असल्या कंपन्यांबद्दल यूजीसीने जाहीर सावधही केलंय. तेव्हा यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर त्या वर्षासाठी, त्या कोर्सचं नाव आहे का ते स्वतः बघायचं. ‘पीजी प्रोग्राम’, ‘एक्झिक्युटिव्ह सर्टिफिकेशन’ ही डिग्री नव्हे, ती घेऊ नका असं नाही, पण एमएससीच्या भावात घेऊ नका. आणि ईएमआयच्या फॉर्मवर सही करताना कर्ज कुणाच्या नावावर निघतंय ते वाचा, ती फी नसते, ते कर्ज असतं, कोर्स सोडला तरी हप्ता सुटत नाही.

भाचीला मी काउन्सेलरला एकच प्रश्न विचारायला सांगितला: मागच्या सेमिस्टरला किती जण नापास झाले? तिने स्पीकरवर टाकून विचारलं, भावोजी पण ऐकत होते. तो अभिमानाने म्हणाला, "मॅम, आमच्याकडे कुणी नापासच होत नाही." भावोजींनी माझ्याकडे बघितलं आणि कोलंबी वाढून घेतली.

परवा तिचा मेसेज आला. दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीला मेल टाकला होता, त्यांचं उत्तर चार दिवसांनी आलं, कोरडंच, परीक्षा केंद्र वाशीला, प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, आणि नापास झाल्यास त्या विषयाची फी परत भरावी लागेल. "मामा, हे जरा खडूस वाटतायत, काय करू?" म्हटलं, परत किती भरावी लागते ते विचारून ठेव.